अज्ञानाची शालीनता

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे गाव आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता त्या वस्तीने तेथे स्वतःची विहीर केली, आणि १९३७ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या हस्ते खुली झाली. ह्या विहिरीची हकीकत सोलापूर जिल्ह्यात पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामानाने थोड्यांना ठाऊक असते ते असे की, त्यापूर्वी तीनच वर्षे, १९३४ साली, हेच बॅरिस्टर मुंबईच्या कोर्टात प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे वकील म्हणून उभे होते. कर्व्यांवर आरोप होता अश्लीलतेचा. त्यांचा अपराध इतकाच की, 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांनी कामजीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांची त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरे छापली. खटला कर्वे हरले, त्यांना दंड झाला, आणि तो भरून त्यांनी मासिक पुढे चालविले ते १९५३ साली डोळे मिटेपर्यंत.

विहीर आणि खटला ही दोन प्रकरणे आम्ही एका दावणीला बांधतो ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे विटाळ. ज्या शब्दाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवले त्याच शब्दाने स्त्रीला महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसविले. पहिल्या प्रकारचा विटाळ राज्यघटनेने आणि कायद्याने गुन्हा ठरविला. दुसऱ्या प्रकारचा शिकलेल्या घरांतून बराचसा ओसरला. ज्या घरांत आजी कांबळ्यावर बसत असे त्याच घरांत आता नात वाण्याच्या यादीत पॅडचे नाव स्वतःच्या हाताने लिहिते. एवढे झाले ते चांगलेच झाले. पण सुधारणा नेमकी जेथे थांबली ती जागा कोणी दाखवीत नाही. रक्ताचा विटाळ गेला. महिन्यातल्या उरलेल्या दिवसांत स्त्रीच्या अंगावर जो पांढरा अथवा नितळ स्राव दिसतो त्याचा विटाळ आहे तेथेच आहे. किंबहुना त्याविषयी बोलणे हे पाळीविषयी बोलण्याहूनही आज अधिक अशिष्ट मानले जाते. आमचे म्हणणे असे आहे की ह्या शिष्टपणाची फार मोठी किंमत बायकांनी दिली आहे, अजून देत आहेत, आणि ती वसूल करणारे मात्र नामानिराळे आहेत.

प्रथम भाषेकडेच पाहावे. मराठीत पाळीला नावे किती! कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, दूर बसली. आडवळणाची का होईना, नावे आहेत; आणि जुन्या घरांत तर ती तिथी पाण्याच्या हंड्यापासून देवघरापर्यंत सर्वांना कळत असे. पांढऱ्या स्रावाला जी नावे आहेत ती मात्र सगळी रोगाची. श्वेतप्रदर हा वैद्यांचा शब्द, धुपणी हा बायकांचा, आणि 'अंगावर पांढरे जाणे' हा सर्वांचा. ह्यातले 'जाणे' हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. घाम येतो, लाळ सुटते, डोळ्यांना पाणी येते. हे तेवढे 'जाते'. जाते म्हणजे अंगातले काहीतरी सत्त्व उणे होते, हाडे पोकळ होतात, कंबर धरते, तोंडावरचे तेज उतरते. नुकत्याच वयात आलेल्या मुलीने भीतभीत आईजवळ गोष्ट काढली तर आईच्या कपाळाला आठी पडते, तांदळाचे धुवण सुरू होते, आणि 'फार विचार करू नकोस, फार वाचत बसू नकोस' असा एक नैतिक इशाराही त्याबरोबर मिळतो. हा स्राव निरोगी देहाचा नित्य व्यापार आहे असे सांगणारा एक साधा, घरगुती शब्द आमच्या ह्या संपन्न भाषेत आम्हांस तरी आढळला नाही. ज्या वस्तूला केवळ रोगाचे नाव आहे ती वस्तू दिसताच माणूस औषध शोधणार, हे ओघानेच आले.

आता ही वस्तू आहे तरी काय? गर्भाशयाची पिशवी खाली निमुळती होऊन योनिमार्गात उतरते, त्या निमुळत्या भागास ग्रीवा म्हणतात. तिच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक खाचा असतात व त्यांतून हा स्राव पाझरत असतो. पाळी संपली की काही दिवस तो अगदी थोडा असतो. पुष्कळ जणींना कोरडेपणाच जाणवतो. पुढे बीजांडकोशात एक स्त्रीबीज पिकू लागते, त्यासरशी इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव रक्तात वाढतो, आणि ग्रीवेच्या स्रावाचे रूप पालटते. आधी दाटसर, दुधी. मग पातळ आणि ओलसर. आणि सरतेशेवटी नितळ, निसरडा, आंगठा व तर्जनी ह्यांमध्ये धरून बोटे लांब केली तर तार निघावी असा. पाश्चात्य पुस्तकांत ह्याला कच्च्या अंड्यातील पांढऱ्या भागाची उपमा देतात. आमच्या बायकांना इतके लांब जावयास नको. रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी आला की नाही हे जिने बोटांच्या चिमटीत पाहिले आहे तिला ही परीक्षा शिकविण्याची गरज नाही. बीज सुटले की प्रोजेस्टेरोन नावाच्या दुसऱ्या अंतःस्रावाचा अंमल सुरू होतो आणि एकदोन दिवसांतच तार तुटते. स्राव पुन्हा थोडा, दाट, चिकट होतो आणि ग्रीवेच्या तोंडाशी जणू बूच बसते.

ही सगळी उठाठेव निसर्ग कशासाठी करतो? योनिमार्ग स्वभावतः आम्ल असतो. त्यामुळे अनेक रोगजंतूंपासून रक्षण होते, पण शुक्रजंतूंचाही तेथे काही तासांतच निकाल लागतो. तार येणाऱ्या स्रावात मात्र त्यांना आसरा मिळतो. तो बहुतांशी पाणीच असतो, त्याची आम्लता नाहीशी झालेली असते, आणि त्यातील तंतूंच्या मधून वर जाण्यास वाट राहते. ह्या स्रावाच्या आधाराने शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. उलट स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. म्हणजे गर्भ राहण्याचे दिवस महिन्यात सुमारे सहाच: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांचा अभ्यास करून १९९५ साली हाच हिशेब मांडला. ह्या सहा दिवसांची वर्दी देणारा हा स्राव, फुकटचा आणि डोळ्यांना दिसणारा, दर महिन्याला येऊन जातो. आणि आमच्या पदवीधर सुना त्याला 'इन्फेक्शन' समजून औषधांच्या दुकानातून गोळ्या आणतात!

कोणी म्हणेल, गोळ्या खाल्ल्याने असे काय बिघडले? बिघडते ते पुढे. ज्या स्रावाला औषधाची गरजच नाही तो औषधाने थांबत नाही. मग गोळीमागून दुसरी गोळी, वैद्यामागून डॉक्टर, आणि शेवटी 'पिशवी खराब आहे, काढून टाका' हा सल्ला. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची जी सरकारी पाहणी झाली तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ह्या आकड्याच्या मागे अनेक कारणे आहेत: कामावर एक दिवस खाडा पडला तर द्यावा लागणारा दंड, फडात ना आडोसा ना पाणी, मुकादमाची उचल, आणि खाजगी शस्त्रक्रियांचा धंदा. ती कारणे झाकून सारे खापर अज्ञानावर फोडण्याचा लबाडपणा आम्ही करणार नाही. ह्या बायकांपैकी पुष्कळ जणींना खरोखरीचे जंतुदोषही असणार. राणी आणि अभय बंग ह्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या आठ. परंतु बीडच्या ज्या हकिकती वृत्तपत्रांतून आल्या त्यांत शस्त्रक्रियेचे कारण म्हणून पोटदुखी आणि जास्त रक्तस्राव ह्यांच्या जोडीला 'पांढरे जाणे' पुन्हापुन्हा येते, हे कसे विसरावे? निरोगी पांढरे कोणते आणि रोगट पांढरे कोणते हे ज्या बाईला कोणी कधी सांगितलेले नाही तिला 'पिशवी सडली' म्हणून भिवविणे किती सोपे! आणि रोगट स्राव अंगावर वर्षानुवर्षे काढणारी बाईही ह्याच अज्ञानाची दुसरी बळी. सगळ्यांनाच जाते म्हणून तिने ते सोसले.

ऊसतोडणीच्या बाईची कथा वाचून आमचा सुशिक्षित वाचक हळहळतो आणि पान उलटतो. त्याने आपल्याच दिवाणखान्यात जरा डोकावावे. लग्नाला तीनचार वर्षे होऊन मूल नाही, असे जोडपे कोणाच्या ओळखीत नाही? नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरी असतो तो शनिवार-रविवार. बायकोच्या पाळीची तारीख पुढेमागे होणारी. नवस झाले, सोळा सोमवार झाले, सासूबाईंनी कुलदेवतेची ओटी भरली, आणि आता शहरातल्या मोठ्या पाटीच्या दवाखान्यात पहिला हप्ता भरण्याची वेळ आली. ह्या अवधीत 'महिन्यातले नेमके कोणते दिवस?' हा प्रश्न त्या दोघांना कोणी विचारला होता का? त्या दिवसांची खूण त्या मुलीला माहीत होती का? नळीत गर्भधारणा घडविण्याची विद्या ही थोर विद्या आहे. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या हातून तिला यश आले ह्याचा आम्हांस अभिमानच आहे. ज्यांच्या नलिका बंद आहेत, ज्यांच्या वीर्यात शुक्रजंतूच नाहीत, त्यांनी स्राव पाहून काय करावे? आणि अपत्यहीन जोडप्यांपैकी निम्म्याच्या जवळपास ठिकाणी पुरुषाच्या बाजूचाही दोष असतो, हे आमच्या आत्याबाईंच्या कानी अजून पडावयाचे आहे. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर, आणि बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पण ज्यांना केवळ दिवस ठाऊक नसल्यामुळे उशीर होत आहे त्यांनाही त्याच रांगेत उभे करून त्याच दराने पावती फाडणे, ह्याला वैद्यक म्हणावे की व्यापार?

ह्या अज्ञानाचे मूळ शोधीत गेले म्हणजे एक मौजेची गोष्ट दिसते. गर्भधारणेच्या दिवसांविषयी आमच्या पूर्वजांनी मौन पाळले होते असे मुळीच नाही. मनुस्मृतीत ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. त्यांतील पहिल्या चार वर्ज्य, शिवाय अकरावी व तेरावी वर्ज्य, आणि उरलेल्यांत सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, असा सगळा कोठा मांडून दिला आहे. सुश्रुतसंहितेत तर एक सुंदर उपमा आहे: दिवस मावळला म्हणजे कमळ मिटते तसे ऋतू सरला म्हणजे गर्भाचे द्वार मिटते. द्वार उघडते आणि मिटते, ही गोष्ट अगदी खरी. ते केव्हा मिटते हे जिच्या देहात घडत होते तिला विचारावयाचे मात्र राहून गेले. रात्री मोजल्या पुरुषांनी, पंचांग पाहिले पुरुषांनी. स्त्रीच्या देहावर उमटणारी खूण बाजूला राहिली आणि बोटांवरची गणती शास्त्र होऊन बसली.

आणि हे केवळ आमच्याकडेच घडले असे समजून सुधारकांनी खूष होऊ नये. जपानात ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस ह्या दोन डॉक्टरांनी १९२० नंतरच्या दशकात बीज सुटण्याची वेळ पुढल्या पाळीच्या आधी सुमारे दोन आठवडे असते हे शोधून काढले. शोध मोठा. पण लोकांच्या हाती त्याचे जे पडले ते पुन्हा तारखांचे कोष्टकच. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर बाई वर्ध्यास महात्मा गांधींना भेटल्या. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा विरोध अखेरपर्यंत कायम राहिला. तथापि ह्या 'सुरक्षित दिवसां'चा मार्ग आपणास इतरांइतका त्याज्य वाटत नाही असे त्यांनी त्या भेटीत म्हटले, कारण त्यात काही दिवसांचा तरी संयम होता. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्रीपदी आलेल्या राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्याच परिवारातल्या. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मागितले, डॉ. अब्राहम स्टोन १९५१ साली आले, आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातले रामनगरम् येथे प्रयोग झाले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या: रोज एक मणी सरकवायचा, हिरव्या मण्याला भय नाही, तांबड्याला आहे. प्रयोग फसला. फसणारच होता. माळेतले मणी सगळ्यांचे सारखे, आणि देह तर प्रत्येकीचा निराळा.

विल्कॉक्स ह्यांच्याच २००० सालच्या दुसऱ्या निबंधात ह्याचा पुरावा आहे. पाळीच्या दहाव्यापासून सतराव्या दिवसापर्यंत गर्भधारणेचे दिवस असतात, हे वैद्यकीय पुस्तकांतले ठरीव वाक्य. ते सहाही दिवस ह्या मुदतीच्या आत पडले अशा स्त्रिया त्यांना शेकडा तीसच्या आसपास आढळल्या. बाकी सत्तर जणींनी पुस्तकावर भरवसा ठेवावा की आपल्या डोळ्यांवर? आज मण्यांच्या माळेची जागा खिशातल्या फोनने घेतली आहे. मागच्या पाळीची तारीख घातली की पडद्यावर गुलाबी फूल उमलते. आमच्या पोरीबाळींना वाटते हे नवे विज्ञान. अहो, हे मनूचेच गणित, फक्त काचेवर काढलेले! फोनमध्ये ताप आणि स्राव ह्यांची रोजची नोंद भरली तर त्यातून काही निष्पन्न होईल. पण ती नोंद भरावयाची तर आधी स्राव पाहता यावा लागतो, आणि घोडे नेमके तेथेच अडलेले आहे.

स्राव पाहण्यास आमच्या बायका असमर्थ आहेत, हा डॉक्टरांचा आवडता आक्षेप. खेड्यातल्या अडाणी बाईला हे काय कळणार, असे मान हलवून म्हटले की आपली जबाबदारी संपली असे पुष्कळांना वाटते. ह्या आक्षेपाला उत्तर देऊन चार दशके लोटली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत एक मोठी परीक्षा घेतली: ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधील सान मिगेल, आणि आपल्या शेजारचे बंगळूर. तिचा वृत्तांत १९८१ साली छापून आला. निरनिराळ्या थरांतल्या ८६९ स्त्रिया तीत होत्या. शिकविल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्यापैकी शेकडा ९३ जणींनी आपल्या स्रावाची उकल होईल अशी नोंद करून दाखविली. वळसंगसारख्या गावातल्या ज्या बाईला गाय माजावर आली हे तिच्या सोटावरून, म्हणजे शेपटीखाली लोंबणाऱ्या काचेसारख्या चिकट तारेवरून बरोबर ओळखता येते, आणि त्या दिवशी ती वळू नाही तर पशुवैद्य गाठते, तिला स्वतःच्या देहाची तीच खूण कळणार नाही हे म्हणणे म्हणजे तिच्या बुद्धीचा नव्हे, म्हणणाऱ्याच्या बुद्धीचा दाखला होय. गाईच्या बाबतीत ह्या खुणेची ओसरीवर बसून चर्चा होते. बाईच्या बाबतीत तिचा उच्चार झाला की ओसरी रिकामी होते.

डॉक्टरांच्या आक्षेपात एक विसंगतीही आहे. स्रावाला महत्त्व देणे हे जुनाटपणाचे लक्षण, असे जे सांगतात तेच रोज ज्या गर्भनिरोधक गोळ्या लिहून देतात त्यांपैकी केवळ प्रोजेस्टेरोनसारख्या द्रव्यावर चालणाऱ्या गोळ्यांचे एक मुख्य काम ग्रीवेचा स्राव दाट करून वाट बंद करणे हेच आहे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून विनामूल्य मिळू लागलेले 'अंतरा' इंजेक्शन बीज सुटू देत नाही, आणि त्याच्या जोडीला स्रावही दाट करते. औषध कंपनीने स्राव बदलला तर ते शास्त्र, आणि बाईने तो नुसता पाहिला तर अंधश्रद्धा!

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डॉ. जॉन बिलिंग्ज आणि त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन ह्यांनी १९५३ नंतर ह्या स्रावाच्या अभ्यासावर संततिनियमनाची एक पद्धती उभारली. दोघेही श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या चर्चला कृत्रिम साधने मान्य नव्हती, म्हणून ही पद्धती तेथे उचलून धरण्यात आली, आणि बघता बघता शरीरशास्त्रातले एक साधे सत्य धर्ममताच्या गाडीला जुंपले गेले. ती गाडी हाकणाऱ्यांनी सांगावयास सुरुवात केली की ही पद्धती असता दुसऱ्या कशाची जरूरच नाही. हे खरे नाही. वर सांगितलेल्या परीक्षेतच, ज्यांनी नियम चोख पाळले त्यांना दिवस गेल्याचे प्रमाण वर्षाकाठी शेकडा तीनच्या आसपास होते. पण पाळणाऱ्या, न पाळणाऱ्या सर्व मिळून धरल्या तर ते शेकडा विसाच्या घरात गेले. हा फरक ज्याला क्षुल्लक वाटतो त्याने तो त्या वीस जणींना समजावून सांगावा. शिवाय नियम पाळावयाचे म्हणजे ते दोघांनी पाळावयाचे. ज्या घरात बाईच्या 'आज नको' ह्या शब्दांना किंमत नाही तेथे तिच्या निरीक्षणाला काय किंमत? मूल लांबवावयाचे असेल त्या स्त्रीने तांबी बसवावी, गोळ्या घ्याव्यात, नवऱ्याने निरोध वापरावा. पुरुषाची शस्त्रक्रिया तर सर्वांत सोपी आणि म्हणूनच की काय सर्वांत नावडती. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत आपले केंद्र काढले आणि पुढे पुण्यात शकुंतलाबाई परांजपे ह्यांनी हेच काम हाती घेतले ते ह्या साधनांसाठीच. नियमन आपल्या हाती असावे, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

परंतु ह्या भांडणात झाले ते असे. एका पक्षाने ज्ञानाला पद्धती करून टाकले. दुसऱ्या पक्षाने पद्धतीचा धिक्कार करताना ज्ञानही फेकून दिले. सुधारक मंडळींच्या पुस्तकांतून साधनांची चित्रे आली, स्रावाचे वर्णन गळाले. एखादी खूण गर्भ टाळण्यास एकटी पुरेशी नाही म्हणून ती गर्भ मिळविण्यासही निरुपयोगी, असे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? आणि मूल हवे की नको हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी आपल्या देहात आज काय चालले आहे हे माहीत असणे ह्यालाच काही किंमत नाही काय?

राहता राहिले शालीनतेचे कैवारी. त्यांच्याशी वाद घालणे कठीण, कारण ते वाद घालीतच नाहीत; ते फक्त लाजतात, आणि त्यांच्या लाजेला आपल्या देशात कायद्याचे बळ मिळत आले आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आंबेडकरांच्या पक्षातर्फे श्री. रोहम ह्यांनी मांडला. तो फेटाळला गेला. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात आमदारांनी आरडाओरडा केला आणि शाळांतून द्यावयाचे लैंगिक शिक्षण राज्य सरकारने थांबविले. मधल्या एकोणसत्तर वर्षांत सदस्यांची नावे बदलली, पक्ष बदलले, राज्याची सीमाही बदलली. लाज तीच राहिली. मुली बिघडतील, हे भय दोन्ही वेळचे. आमचा प्रश्न साधा आहे: न सांगितल्याने किती मुली सुधारल्या ह्याचा हिशेब ह्या मंडळींनी कधी मांडला आहे काय? बीडच्या पाहणीतल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीलाही फाजील ज्ञानामुळे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली असेल असे आम्हांस वाटत नाही.

सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण हे शिक्षण द्यावयाला ना फळा लागतो, ना अनुदान. पाळी सुरू झालेल्या मुलीला आईने, आणि आईची जीभ रेटत नसेल तर मावशीने अथवा थोरल्या बहिणीने, पंधरा मिनिटांत सांगता येईल इतकेच ते आहे. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातील. मग ओल येईल. मग दोनतीन दिवस पाकासारखी नितळ तार. मग पुन्हा दाट. पहिली एकदोन वर्षे हा क्रम नीट बसणार नाही. तापात, जागरणात, परीक्षेच्या दिवसांत पुढेमागेही होईल. बाळाला अंगावर पाजताना आणि पाळी जाण्याच्या वयात त्याचे रूप आणखी निराळे असते. ह्या कशालाही औषध नाही, कारण हा रोग नाही. स्रावाला घाण वास आला, दह्याच्या कवड्यांसारख्या गाठी पडून खाज सुटली, रंग हिरवा-पिवळा झाला, ओटीपोटात दुखू लागले, दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा संबंधानंतर रक्त दिसले, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा काही जाऊ लागले, तर मात्र धुवणाच्या पेल्यावर न थांबता डॉक्टरीण गाठावी आणि तपासणी करून घेतल्यावाचून कोणतीही गोळी घेऊ नये. नवऱ्यालाही औषधाची गरज पडेल काय, हेही त्याच वेळी विचारावे. आणि तपासल्यावाचून कोणी पिशवी काढावयास सांगितले तर ती चिठ्ठी घेऊन थेट दुसऱ्या डॉक्टरकडे जावे.